पाचवा दिवस नेमका कुठून मोजायचा? (गोळ्या पहिल्यांदाच सुरू करतेय)

कपाशीचं_बोंड | २ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार तायांनो. इथे वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदा. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, वय २४. मुलगा चौदा महिन्यांचा आहे, रात्रीचं दूध अजून अंगावरच पितो. दुसरं एवढ्यात नको, निदान तीन वर्षं तरी, असं आमच्या दोघांचं ठरलंय. हे म्हणायचे, मी पाहतो. ते पाहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या महिन्यात पाळी नऊ दिवस लांबली आणि ते नऊ दिवस मी निंदायला जात होते, हात चालत होते, पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

परवा आशाताई आल्या. सासूबाई ओसरीवर मूग निवडत बसलेल्या. ताईंनी लेकराचं वजन विचारता विचारता माला-एनचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांचं, पाकीट माझ्या ओंजळीत सरकवलं, "पाचव्या दिवसापासून" एवढंच हळूच म्हणाल्या आणि निघाल्या. आता ते साडीच्या घडीत आहे. पांढऱ्या २१ गोळ्या, तपकिरी ७, मागे बाण काढलेले.

पाचवा दिवस म्हणजे पाळी आल्यापासून पाचवा की संपल्यापासून? बाळाच्या दुधाला काही होईल का? जाऊबाई म्हणतात अंग सुटतं आणि पुढे पाहिजे तेव्हा लेकरू राहत नाही. आणि सासूबाईंना कळलं तर? त्या वाईट नाहीत हो. पण त्यांचं म्हणणं, दोन होऊ दे लागोपाठ, मग ऑपरेशन करून मोकळी हो, मधे ही भानगड कशाला.

आर्वीची_सून | २ जुलै, रात्री ११:०५

आधी एक काम कर, पाकीट साडीच्या घडीतून काढ. आमच्याकडं सासूबाईंनी लग्नाला जायला माझीच साडी मागितली आणि झटकली तशी गोळ्या टपकन खाली. बाकीचं जाणकार सांगतीलच.

बाभळीचं_झाड | ३ जुलै, सकाळी ६:५०

अवं माय, माझ्यासारखं करजो नको. हे नागपूरले कामाले, शनिवारी गावाले येत. म्या काय केलं, शनिवारी एक गोळी, रविवारी एक. म्हटलं नवरा घरी नाही तं गोळी कायले वाया घालवायची? पाकीट तीन महिने पुरलं. चवथ्या महिन्यात दिवस गेले. ते दुसरी पोरगी आता सातवीत हाय, लय हुशार हाय, पण ते त्या शनिवारचीच. कोणी सांगतलंच नाही का रोज घ्यायची म्हणून.

निवृत्त_नर्सबाई | ३ जुलै, दुपारी २:२०

बाभळीताई, तुमच्यासारख्या मी नोकरीत किती पाहिल्या ते विचारू नका. एकीने तर स्वतः ओकारी येते म्हणून आठवडाभर नवऱ्याला खाऊ घातल्या होत्या.

बोंडताई, आता नीट वाच. ज्या दिवशी अंगावरून जायला लागलं तो पहिला दिवस. तिथून मोजून पाचवा, पाळी सुरू असली तरी. पहिल्या पाच दिवसांत कधीही सुरू केली तरी चालते आणि पहिल्या दिवसापासूनच भरवसा धरता येतो. पाच दिवस उलटून गेले आणि दिवस नाहीत याची खात्री असेल तर तेव्हाही सुरू करता येते, फक्त पुढचे सात दिवस निरोध वापरायचा.

बाणाच्या दिशेने रोज एक. आधी २१ पांढऱ्या, त्यात औषध आहे. मग ७ तपकिरी, त्या लोहाच्या, म्हणजे रक्तवाढीच्या. त्या सात दिवसांत पाळीसारखं अंगावरून जाईल. अठ्ठावीस संपल्या की एकोणतिसाव्या दिवशी नवीन पाकीट, मधे एकही दिवस सुट्टी नाही. अंगावरून जाणं थांबलं की सुरू करू, असं करायचं नाही. सगळ्यात जास्त बाया तिथेच चुकतात.

दूध: बाळ सहा महिन्यांच्या आतलं असतं तर मीच ही गोळी देऊ नका म्हटलं असतं, दूध कमी होऊ शकतं. तुझा चौदा महिन्यांचा आहे, वरचं खातो, तेव्हा अडचण नाही.

लेकरू राहत नाही हे साफ चूक. गोळी सोडल्यावर शरीर फार लवकर पूर्ववत होतं, म्हणून तर दोन दिवस विसरलं तरी धोका असतो. जाऊबाईंना विचार, की जी गोळी दोन दिवस चुकली तर पोट राहतं, ती कायमचं वांझ कशी करेल? अंग सुटण्याचं म्हणशील तर थोडं पाणी धरल्यासारखं काहींना वाटतं, बहुतेकींच्या वजनात फारसा फरक पडत नाही.

आता जे आशाताईंना ओसरीवर विचारता आलं नाही ते मी विचारते. बीपी कधी मोजलंय? १४०/९० च्या वर असेल तर ही गोळी नाही. पायाच्या शिरेत गाठ, हृदयाचा आजार, लकवा, चालू कावीळ, स्तनात गाठ? अर्धं डोकं दुखतं आणि त्याआधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात? पस्तिशी ओलांडलेल्या आणि तरी बिडी ओढणाऱ्या बायांनाही नाही (हो, आपल्याकडं ओढतात, लाजू नका). टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर त्यातली काही औषधं या गोळीचा असर कमी करतात, तेव्हा ते आधी सांगायचं. म्हणून सुरू करायच्या आधी एकदा उपकेंद्रात जाऊन बीपी मोज. सही कोणाचीच लागत नाही, नवऱ्याची नाही आणि सासूची तर नाहीच. उपकेंद्रात पाकीट फुकट मिळतं. आशाताई घरपोच देतात म्हणून एक रुपया घेतात, त्यावर घासाघीस करू नका.

धुऱ्यावरचा | ३ जुलै, संध्याकाळी ७:१५

बायकांच्या धाग्यात बोलतोय, माफ करा. पण केमिकल पोटात घालायचं कशाला? तारखा पाळल्या की झालं. आमच्या आजी-पणजींनी कुठे गोळ्या खाल्ल्या?

आर्वीची_सून | ३ जुलै, संध्याकाळी ७:३१

दादा, तुमच्या आजीला लेकरं किती झाली आणि त्यातली जगली किती, तेवढं मोजून लिहा. मग बोलू.

तुरीच्या_शेंगा | ३ जुलै, रात्री ९:००

तारखा पाळायच्या म्हणजे दोघांनी पाळायच्या ना? आमच्याकडं कॅलेंडर एकच, भिंतीवरचं, आणि त्यावर दुधाचा हिशोब.

आणि पद्धत म्हटली की आपल्याकडं बाईचं ऑपरेशनच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी ३७.९ टक्के ऑपरेशन झालेल्या, गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. धुऱ्यावरचे भाऊ, केमिकल नको असेल तर तो तिसरा आकडा वाढवायला तुमची मदत होईल. निरोधही उपकेंद्रात फुकट मिळतो.

मेळघाटची_मैना | ४ जुलै, दुपारी १:१०

मी रोजची गोळी तीन महिने घेतली आणि सोडली. डोकं दुखायचं म्हणून नाही, लक्षातच राहायची नाही. मग नर्सबाईंनी छाया दिली. ती आठवड्याची गोळी, त्यात रोजच्या गोळीसारखे हार्मोन नसतात. बाजारात सहेली म्हणून मिळते तीच. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली, १९९१ पासून विकत मिळते आणि २०१६ मध्ये सरकारी कार्यक्रमात आली. दूध पाजणाऱ्या बाईला पण चालते.

पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. माझी पाळी मंगळवारी आली, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार, असं तीन महिने. चौथ्या महिन्यापासून फक्त मंगळवार. आमचा बाजार मंगळवारचाच! भाजीची थैली हातात घेतली की गोळी आठवते. दीड वर्ष झालं, एकदाच चुकली, तेव्हा पावसाने बाजारच भरला नव्हता.

एक सांगून ठेवते, पाळी लांबते आणि कमी जाते. पहिल्या वेळी मी घाबरून दोनदा दिवस गेलेत का ते तपासायचं किट आणलं. नर्सबाई म्हणाल्या पंधरा दिवसांवर लांबली तर तपासायचं, नाहीतर वाट पाहायची.

निवृत्त_नर्सबाई | ४ जुलै, दुपारी ३:००

मैनाचं बरोबर आहे. फक्त अंडाशयातल्या गाठींचा म्हणजे पीसीओडीचा त्रास, नुकतीच झालेली कावीळ, टीबी किंवा किडनीचा आजार असेल तर छाया नाही. छाया चुकली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची, ठरलेला वार बदलायचा नाही, पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

औषधवाला_दादा | ४ जुलै, रात्री १०:२०

तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये बसतो. बाया काउंटरवर येतात, आजूबाजूला माणसं असली की "ते... गोळ्या" म्हणून थांबतात. मग मला ओळखावं लागतं. म्हणून इथे लिहितो, चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चारींना लोक "त्या गोळ्या" म्हणतात.

महालक्ष्म्या किंवा लग्न आलं की पाळी पुढे ढकलायला नेतात ती नॉरएथिस्टेरॉन. ती दिवसातून तीनदा घेतात. चार-आठ दिवस घेतली म्हणून दिवस राहायचे थांबत नाहीत. दुसरी ७२ तासांच्या आतली, एकच गोळी, निरोध फाटला किंवा काहीच वापरलं नव्हतं तेव्हाची. जितकी लवकर तितकी चांगली. एक मुलगी महिन्यात चार वेळा न्यायची, तिला मी हात जोडून रोजच्या गोळीचं पाकीट दिलं. तिसरी म्हणजे पोट पाडायचं किट. ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागू नका आणि देणाऱ्याकडून घेऊ नका, रक्तस्राव थांबला नाही तर रात्री गाडी कुठून आणाल? आणि चौथी रोजची, जिच्याबद्दल हा धागा आहे. नाव कागदावर लिहून आणा. बोलायची गरजच नाही.

गोंडपिंपरीची_लेक | ५ जुलै, सकाळी ८:१५

मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, SS. माझ्या चुलत बहिणीला नुसती वाहक म्हणून सांगितलंय, AS. आम्ही दोघी एकत्रच गोळ्या आणायला जाणार होतो. चालेल का?

निवृत्त_नर्सबाई | ५ जुलै, सकाळी ११:४०

बरं झालं विचारलंस, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. बहीण वाहक आहे, तिला बाकी काही आजार नसेल तर साधारणपणे अडचण नसते, तरी कार्ड दाखवायला सांग. तू मात्र माला-एन मनाने सुरू करू नकोस. SS मध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका आधीच जास्त असतो आणि या गोळीतलं इस्ट्रोजेन हे हार्मोन त्यात भर घालू शकतं. सिकलसेलचं कार्ड घेऊन ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना भेट आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनबद्दल विचार, सरकारी दवाखान्यात ते अंतरा नावाने मिळतं. त्यात इस्ट्रोजेन नसतं.

धुऱ्यावरचा | ५ जुलै, रात्री ९:५०

परवा जे लिहिलं ते जाऊ द्या. माझ्या घरच्यांनाही SS आहे, दोन बाळंतपणात दोन्ही वेळा रक्त चढवावं लागलं. अंतरासाठी नवऱ्याने सोबत यावं लागतं का? आणि नसबंदीला किती दिवस घरी बसावं लागतं? सोयाबीनची फवारणी डोक्यावर आहे.

निवृत्त_नर्सबाई | ६ जुलै, सकाळी १०:००

नवरा सोबत यावाच लागतो असं नाही, पण आलात तर बरं, डॉक्टरांना रक्त चढवलेल्याचे कागद दाखवायला. नसबंदी बिनटाक्याची असते, थोड्या वेळाने घरी सोडतात. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही, तेव्हा फवारणीचा पंप पाठीवर नको. आणि त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचाच, मग वीर्य तपासून घ्यायचं. आधी फवारणी उरका.

कपाशीचं_बोंड | १२ जुलै, रात्री ९:३०

तायांनो, सुरू केली! ४ तारखेला पाळी आली, ८ ला पाचवा दिवस. त्याआधी लेकराच्या लसीच्या निमित्ताने उपकेंद्रात गेले, बीपी ११०/७०. तिथल्या ताईंनी तुम्ही विचारले तेच प्रश्न विचारले, मी आधीच पाठ करून गेलेली, त्या हसल्या.

वेळ विरजणाची ठरवली. मोबाईलचा गजर लावला तर "हा कशाचा" म्हणून विचारतील. पण जेवणं झाली, भांडी झाली की दूध कोमट करून विरजण मीच लावते, तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नसतं. पाकीट शेवयांच्या डब्यात. त्या डब्याला आता दिवाळीपर्यंत कोणी हात लावत नाही.

पण मळमळतं. काल सकाळी चहाचा वास आला आणि अंगणात धावले. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. त्यांना वाटलं गोड बातमी!

बाभळीचं_झाड | १२ जुलै, रात्री ९:४८

हाव ना! गोळी घेतली म्हणून ओकारी, अन् ओकारी पाहून घरात पेढे. 😄

निवृत्त_नर्सबाई | १३ जुलै, दुपारी १२:१५

जेवणानंतर घेतेस तेच बरोबर, उपाशीपोटी नको. पहिले दोन-तीन महिने मळमळ, स्तन जड वाटणं, मधेच थोडे डाग पडणं, हे होतं आणि बहुतेकींचं आपोआप जातं. डाग पडले म्हणून गोळी थांबवायची नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घे.

मात्र एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ, धाप, कधी नव्हे इतकं डोकं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पोटात जोरात दुखलं तर इथे विचारत बसू नकोस, गोळी बंद कर आणि सरळ दवाखाना. असं क्वचित होतं, पण माहीत असावं.

डबा चांगला आहे, कोरडा आहे. मे महिन्यात मात्र टिनाखालच्या फळीवर ठेवू नकोस, तिथे आपल्याकडं पापड भाजतात.

कपाशीचं_बोंड | २३ ऑगस्ट, रात्री ८:१०

नर्सबाई, आहात का? घोळ झाला. पोळ्याला माहेरी गेले होते, लेकराचा पहिला तान्हा पोळा, बाबांनी लाकडी बैल करून घेतला त्याच्यासाठी. सगळं आणलं, झूल आणली, बैलाच्या शिंगांना बेगड आणली, पाकीट शेवयांच्या डब्यातच राहिलं. दुसऱ्या पाकिटातल्या १७ आणि १८ नंबरच्या दोन गोळ्या गेल्या. आत्ताच घरी पोचले. हे पण आज घरीच आहेत.

निवृत्त_नर्सबाई | २३ ऑगस्ट, रात्री ८:३२

आहे. आत्ता लगेच एक घे, आणि विरजणाच्या वेळी आजची रोजच्यासारखी. एका दिवसात दोन झाल्या तरी घाबरू नकोस. उद्यापासून पांढऱ्या रोज एक. एकच चुकली असती तर एवढ्यावर भागलं असतं. पण दोन गेल्या आणि तिसरा आठवडा आहे, म्हणून पांढऱ्या संपल्या की तपकिरी सात घ्यायच्याच नाहीत, दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट उघड. या वेळी मग पाळीही यायची नाही, तेव्हा तपासायचं किट आणायला धावू नकोस. आणि आजपासून सात दिवस निरोध. हे घरी आहेत म्हणतेस ना, मग त्यांनाच उपकेंद्रातून आणायला सांग, "मी पाहतो" म्हणत होते ना.

मेळघाटची_मैना | २३ ऑगस्ट, रात्री ८:५०

बैलाचा फोटो टाक आधी.

कपाशीचं_बोंड | १९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

सगळं ठीक आहे. मळमळ दुसऱ्या पाकिटातच थांबली. हे निरोध आणायला गेले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले, तिथे यांचा मामेभाऊ उभा होता म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणले.

काल वेगळंच झालं. विरजण लावताना गोळी तोंडात टाकली आणि मागे सासूबाई, पाण्याचा तांब्या घ्यायला आलेल्या. "कायची गोळी व?" माझ्या तोंडून निघालं, रक्ताची. आणि नेमकी तपकिरीच होती. म्हणजे खोटंही नाही. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, डब्यात ठेवलं. आज सकाळी म्हणतात, "मले बी चक्कर येते बसल्याजागी. आशाताई आली तं माह्यासाठी बी माग त्या रक्ताच्या."

आता काय करू?

निवृत्त_नर्सबाई | २० ऑक्टोबर, सकाळी ९:२०

आपल्या पाकिटातली एकही देऊ नकोस, तपकिरीसुद्धा नाही. डबा बदल. सासूबाईंना घेऊन उपकेंद्रात जा, हिमोग्लोबिन आणि बीपी दोन्ही तपासायला सांग. चक्कर रक्त कमी असल्याची असेल नाहीतर बीपीची. लोहाच्या गोळ्या त्यांना तिथे वेगळ्या मिळतील. जातेच आहेस तर तुझी पुढची तीन पाकिटं पण घेऊन ये.